गुडघ्यापासून दारापर्यंत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी खैरनार आप्पांची खुर्ची पळवली. तशी ती खुर्ची नव्हती, खुर्च्यांची जोडी होती. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक बसवून कोपऱ्यातल्या टेबलामागे ठेवलेल्या होत्या. मला बसायला काही दिसेना, म्हणून वरची उचलली आणि माझ्या टेबलाशी नेली. दहा मिनिटांनी दारातून एक गृहस्थ वाकून आत आले. ते कोपऱ्यात गेले, उरलेल्या खुर्चीवर तळहात ठेवून तिला दाबून पाहिलं, आणि न बसता सगळ्या खोलीवर नजर फिरवली.

"मॅडम," ते फार अदबीने म्हणाले, "तुम्ही माझ्या अर्ध्यावर बसलाय."

सहा फूट चार इंच उंची. वजन विचारलं की म्हणायचे, "एकशे तीसपर्यंत मी बघत होतो. पुढचं काट्याला माहीत." मूळचे सटाण्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे, पण आमच्याशी अगदी जपून, शुद्ध बोलायचे. नाशिकच्या जेलरोडला त्यांचं छोटं घर होतं. आम्ही दोघंही भूकरमापक, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीवाले. शेताच्या हद्दी मोजून द्यायच्या, दोन भावांच्या किंवा दोन शेजाऱ्यांच्या मधे उभं राहून "इथून तुझं, इथून याचं" असं सांगायचं, आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. माझी उंची पाच फुटाला एक बोट कमी. आम्ही बांधावरून चालत आलो की शेतकरी आधी आप्पांकडे बघायचे, मग खाली माझ्याकडे बघायचे. एकदा एक म्हातारे बाबा म्हणालेच, "आरं, मापं घ्यायला आलेत का दाखवायला?" आप्पा त्यावर माझ्याहून जास्त हसले.

आप्पांचं एक ठाम मत होतं. जमीन मीटरमध्ये मोजायची, माणूस मात्र फुटातच मोजायचा. त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात एक छोटा स्टीलचा टेप कायम असे. कार्यालयाची यंत्रं बदलली, मोजणीची साखळी गेली, उपग्रहावरून मोजणी करणारं यंत्र आलं, पण तो टेप काही खिशातून हलला नाही. तो जमिनीसाठी नाहीच, हे मला फार लवकर कळलं. आणि ते कळण्याचं कारण मी बाई होते, हेच असावं.

झालं असं, की माझी पहिली बाहेरगावची मोजणी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षमळ्यात निघाली. एप्रिल महिना. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. फिरतीची नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला हे गणित सांगावं लागत नाही. किती वाजता निघायचं, किती वाजता परत, मधे कुठे जायची सोय आहे का, नसेल तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं. मळेवाल्याने तांब्याभर गार पाणी आणून दिलं. मी ओठ लावल्यासारखं केलं आणि तांब्या परत दिला. मग तो आप्पांकडे गेला. आप्पांनीही ओठ लावल्यासारखं केलं आणि परत दिला. आमची नजरानजर झाली. मला एकदम चोरी पकडल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी कळलं की चोर दोन आहेत.

दुपारी मोजणी संपली तशी आप्पा म्हणाले, "मॅडम, चहा घ्यायचा का?"

"नको आप्पा, मी उन्हात चहा घेत नाही."

"घ्या. इथला चांगला आहे."

त्यांनी गाडी वळवली ती थेट एका पॅकहाऊसला. परदेशी पाठवायची द्राक्षं जिथे निवडून पेटीत भरतात, ती जागा. बाहेर टेम्पोंची रांग, आत हातमोजे घातलेल्या बायका. आप्पांनी व्यवस्थापकाला लांबूनच हात केला आणि मला म्हणाले, "डाव्या हाताला शेवटचं दार. कडी बरोबर लागते. आत पर्स अडकवायला खुंटी आहे. परदेशातली माणसं तपासणीला येतात, म्हणून एवढं स्वच्छ ठेवतात. त्यांचे उपकार." मी आत गेले. पांढऱ्या फरशा, साबण, आणि खरंच खुंटी. बाहेर आले तेव्हा आप्पा त्या बोळाच्या तोंडाशी, माझ्याकडे पाठ करून, सगळा बोळ अडवून उभे होते. दोन ड्रायव्हर पलीकडे थांबलेले, त्यांना "जरा थांबा" म्हणत होते. मग ते स्वतः गेले. परत आल्यावर आम्ही दोघांनी एकेक बाटली पाणी घटाघटा प्यायलं. चहा घेतलाच नाही. त्या दिवशी मला या अवाढव्य माणसाबद्दल जी माया वाटली, ती पुढे कधीच कमी झाली नाही.

येताना गाडीत त्यांनी मला आपलं शास्त्र समजावून सांगितलं. आधी जरा लाजत, मग रंगात येऊन.

"साठ-सत्तर किलोचा, साडेपाच फुटी माणूस डोळ्यासमोर ठेवून सगळं बांधलंय मॅडम. त्याच्याबाहेरच्याने कुठे जायचं? मला सांगा, जेमतेम तीन बाय तीनच्या खोलीत मी बसू कुठे आणि गुडघे ठेवू कुठे? त्यात दार आत उघडणारं. म्हणजे आत गेल्यावर दार लावायला मी आधी भांड्यावर चढायचं, मग दार लावायचं, मग उतरायचं."

आणि मग मापं. बसायची उंची जमिनीपासून वीस इंच, कमी चालणार नाही. मध्यापासून दोन्हीकडच्या भिंतीपर्यंत दीड-दीड फूट. दाराची उंची सहा फूट आठ इंच, रुंदी अडीच फूट, आणि दार बाहेरच उघडायला हवं. उजव्या हाताला धरायला दांडा, तोही फरशीत ठोकलेला नको, भिंतीत मुरवलेला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमोडच्या पुढच्या कडेपासून दारापर्यंत अडीच फूट. याला ते "गुडघ्यापासून दारापर्यंत" म्हणायचे. बाकी सगळं जमलं आणि हे चुकलं तर सगळं नापास. भिंतीला लटकवलेल्या नव्या तऱ्हेच्या कमोडवर त्यांचा कणभर विश्वास नव्हता. "ज्याला पाय नाहीत त्याच्यावर मी बसत नाही," असं ते म्हणायचे.

त्यात डाव्या गुडघ्याने दगा दिला होता. पस्तीस वर्षं ढेकळांतून चालून तो झिजला आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी घातली. आप्पा म्हणायचे, "बसायला अजून जमतं हो. उठायला दोन माणसं लागतात. आणि तिथे दोन माणसं बोलवायची कशी?"

तर नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या रस्त्यावर कुठल्या ढाब्याच्या मागे, कुठल्या दवाखान्याच्या कितव्या मजल्यावर, कुठल्या मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत आपल्याजोगी सोय आहे, हे आप्पांना तोंडपाठ होतं. लग्नाची पत्रिका आली की लोक मुहूर्त बघतात, आप्पा कार्यालयाचं नाव बघत. सोय नसेल तर जात, अक्षता टाकत, आणि पंगत बसायच्या आत निघत. "आप्पा किती साधे, जेवणाचीसुद्धा अपेक्षा नाही," असं यजमान मागाहून म्हणत. आप्पा तोवर द्वारका चौक ओलांडून घरी पोचलेले असत. माझा मात्र त्या ज्ञानामुळे चांगलाच फायदा झाला. "चहा" हा आमच्यातला परवलीचा शब्द ठरला. पेठच्या डोंगरात असो की मालेगावच्या वाटेवर, आप्पांनी "मॅडम, चहा?" म्हटलं की मी निर्धास्त व्हायचे. कुठेही आधी मला पाठवत, आणि स्वतः लांब, पाठ करून उभे राहत.

घरचा संडास बांधायला काढला तेव्हा त्यांनी मला आणि काकूंना दुकानात सोबत नेलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, उंचीला माझ्याएवढ्याच, आवाजाला आप्पांच्या दुप्पट. दुकानात पंचवीस-तीस कमोड ओळीने मांडलेले. आप्पांनी खिशातून टेप काढला, तीन बाजूला काढायला लावले, आणि मग चपला काढून पहिल्यावर शांतपणे बसले. रस्त्यावरून सगळं दिसत होतं. दुकानाला काच होती.

विक्रेता धावत आला. "काका, काका! हे फक्त दाखवायचे आहेत."

"मी काय करतोय मग? बसून बघतोय."

"असं कुणी बसून बघत नाही, काका."

"चपला घेताना पाय घालून बघता की नाही? त्या तर वर्षभरच टिकतात." असं म्हणून त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र मागून घेतलं. दहा मिनिटं झाल्याशिवाय खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. विक्रेत्याने हताश होऊन पेपर दिला. दहा मिनिटं पहिल्यावर, दहा दुसऱ्यावर. दुकानात एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं आणि तसंच मागे फिरलं. काकू दिव्यांच्या विभागात जाऊन उभ्या राहिल्या आणि आपला या माणसाशी काही संबंध नाही असा चेहरा करून झुंबरं बघत बसल्या. तिसऱ्यावर आप्पांनी सात मिनिटांतच मान डोलावली. तो घेतला, आणि गवंड्याकडून त्याच्याखाली चार इंचाचा चौथरा बांधून घेतला. काकूंनी पहिल्या दिवशी बाहेर येऊन जाहीर केलं, "माझे पाय लोंबकळतात. मी काय झोपाळ्यावर बसलेय?" मग त्यांच्यासाठी एक पाट आला. तो ठेवायचा कुणी आणि उचलायचा कुणी यावरून त्या घरात रोज सकाळी वाद व्हायचा, इतका की शेजाऱ्यांनाही पाटाची हकिकत पाठ झाली होती.

एवढं सगळं हसण्यावारी नेणारा हा माणूस एका ठिकाणी मात्र हसायचं विसरला.

त्यांची एकुलती मुलगी सोनाली. तिने स्वतः मुलगा निवडला. किरण, कॉलेजातला, येवल्याचा. घरात पैठणीचे माग, वडील विणकर, मोठा भाऊ दुकान बघणारा. आप्पा म्हणाले, "पोरगा चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही." रिवाजाप्रमाणे मुलाचं घर बघायला गेले. दुसऱ्या दिवशी मोजणीला जाताना त्यांनी मला तिथली कथा सांगितली.

येवल्यातलं ते घर जुन्या गल्लीतलं, अरुंद. पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर, आणि संडास जिन्याखाली. दोन तासांचा प्रवास झालेला. आप्पा आत गेले. भारतीय पद्धतीचा. कसेबसे बसले.

"आणि मग उठायची वेळ आली, मॅडम. खांदे दोन्ही भिंतींना. गुडघे दाराला. दार आत उघडणारं. दार उघडायचं तर मागे सरकायला पाहिजे, आणि मागे, डोक्याशी, जिना! काय धरू म्हणून नळ धरला. तर नळ माझ्या हातात आला."

बाहेर पोहे घेऊन दहा माणसं थांबलेली. आतून कारंज्याचा आवाज. रामभाऊ, म्हणजे होणारे व्याही, दाराशी येऊन विचारतात, "आप्पासाहेब, काय झालं का?" आणि आप्पा आतून म्हणतात, "काही नाही, हातपाय धुतोय." कंबरेपर्यंत भिजून बाहेर आले. नळ जागेवर टेकवून ठेवला होता. व्याह्यांनी कोरं धोतर दिलं, कुणी काही विचारलं नाही.

हे सांगताना आप्पा इतके हसले की मी म्हटलं, गाडी बाजूला घ्या. त्यांनी घेतली. मग त्यांचं हसू थांबलं. "हे कुणाला सांगू नका. मुलीचं घर आहे. तिला तिथे मान राहिला पाहिजे." मी कबूल केलं.

लग्न थाटात झालं. लग्नानंतर आप्पा पहिल्यांदा येवल्याला गेले तेव्हा विहीणबाईंनी पाणी पुढे केलं. आप्पांनी हात जोडले. "माफ करा. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत."

घरातली वडीलधारी मंडळी भारावून गेली. आजकाल एवढं कोण पाळतं! काकू मात्र नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मला नंतर म्हणाल्या, "कुठली पद्धत? यांच्या बहिणीकडे माझे सासरे चार-चार महिने जाऊन राहायचे. दोन वेळा जेवून!" काकूंना खरं कारण माहीत होतं. पण नवऱ्याची लाज ती आपली लाज, म्हणून त्या गप्प बसल्या. स्वतः मात्र येवल्याला जाऊन आठ-आठ दिवस राहायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पद्धत त्यांच्या घराण्याची आहे. माझ्या माहेरी तसं काही नव्हतं."

आप्पा जात. पण सकाळपासून पाणी तोडून जात, पंधरा मिनिटं टेकत, आणि निघत. पहिल्या वर्षी सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षी नात झाली, ओवी. रामभाऊ हौसेने म्हणाले, "आता तुमचं व्रत सुटलं, आप्पासाहेब. नातवंड झालं की पाणी चालतं." आप्पांनी तिथल्या तिथे नवीन कलम काढलं. जावळ झाल्यावर. जावळ झालं, तेव्हा म्हणाले, शाळेत गेल्यावर. मी त्यांना गाडीत म्हटलंसुद्धा, "आप्पा, आता पुढे काय, दहावी झाल्यावर?" ते हसले नाहीत.

ओवी साडेतीन वर्षांची असताना सोनाली एक दिवस माझ्या घरी आली. मला ती मावशी म्हणते. चहा समोर ठेवला, तो तसाच राहिला.

"मावशी, तुम्ही रोज आप्पांबरोबर असता. खरं सांगा. त्यांना माझं लग्न पटलं नाही ना? मी माझ्या मनाने केलं म्हणून?"

"अगं, काहीतरीच काय!"

"मग माझ्या घरात घोटभर पाणी का नाही पीत? आईला चालतं, यांना का नाही? ओवी विचारते, आजोबा आपल्याकडे झोपत का नाहीत. मी काय सांगू? आता मी बोलवायचं सोडलंय. या दिवाळीला मी म्हणणारच नाहीये त्यांना, या म्हणून."

ती रडायला लागली. मला त्या क्षणी आप्पांचा संताप आला. एवढा मोठा माणूस, एवढीशी गोष्ट मुलीला सांगता येत नाही? मग वाटलं, मला तरी कुठे सांगता आली असती? फिरतीवरच्या एवढ्या वर्षांत मी तरी कुणाला सांगितलं, की मी पाणी का पीत नाही? मी दिलेला शब्द आठवत होता. पण बाप आपल्यावर रागावलाय असं समजून मुलीने आयुष्य काढण्यापेक्षा त्याची लाज तिला कळलेली बरी, असं मी ठरवलं आणि सगळं सांगून टाकलं. जिना, दार, गुडघे, सगळं.

सोनाली म्हणाली, "नळ! म्हणजे तो नळ आप्पांनी तोडला? सासूबाई अजून त्या प्लंबरला शिव्या देतात!" ती हसायला लागली, हसता हसता पुन्हा रडली. मग डोळे पुसून पर्समधून पेन काढलं. "मावशी, मापं सांगा."

मला कागद लागला नाही. एवढ्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालेलं होतं.

पुढचं मला तिच्या फोनवरून कळत गेलं. तिने सासऱ्यांना सांगितलं. संध्याकाळी पुढच्या खोलीत उभे राहून रामभाऊंनी इकडून तिकडे पाहिलं आणि थोरल्या मुलाला म्हणाले, "माझा माग सोड, सुटा करून हलवू." त्या मापांच्या संडासाएवढी जागा घरात दुसरीकडे नव्हतीच. आप्पांना आधी काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं.

पण आप्पा मधेच एक दिवस न सांगता पंधरा मिनिटांसाठी टेकले. कार्यालयात परत आले ते तोंड उतरवून.

"मॅडम, लेकीच्या घरात वाटणी चाललीय."

"काय?"

"पुढच्या खोलीत चुन्याची रेघ मारलीय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माग सोडून ठेवलाय. विटा येऊन पडल्यात. आणि मला बघून सगळे गप्प झाले. वाटणीच्या घरात माणसं अशीच गप्प होतात. पस्तीस वर्षं बघतोय मी."

मला तोंड फिरवून खिडकीबाहेर बघावं लागलं. आप्पा पंधरा दिवस झोपले नाहीत. दोन भाऊ, एवढंसं घर, त्यात आपली पोर कुठल्या बाजूला जाणार? शेवटी एका शनिवारी मला म्हणाले, "चला मॅडम. भावाभावांत वाकडं यायच्या आत मी मोजून देतो. सरकारी नाही, घरची मोजणी. टेपाच्या दुसऱ्या टोकाला विश्वासाचं माणूस पाहिजे."

त्यानंतर महिन्याभरात आप्पा निवृत्त होऊन सटाण्याकडे गावी गेले आणि माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. त्यामुळे आप्पा म्हटलं की मला ती येवल्याची दुपारच दिसते.

आम्ही पोचलो तेव्हा घरातली सगळी मंडळी पुढच्या खोलीत होती. फरशीवाला आदल्या दिवशी काम संपवून गेला होता. खोलीच्या टोकाला नवी भिंत, तिला नवं बंद दार. माग नव्हता. सोनालीने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मी खांदे उडवले. आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हणजे भिंतसुद्धा घातलीत."

"आप्पासाहेब, बसा तर खरं."

"बसत नाही, रामभाऊ. मी एकच सांगायला आलोय. वाटणी वाईट नसते. चुकीच्या मापाची वाटणी वाईट असते. दोन्ही मुलांना समोर घ्या. मी मोजून देतो, एक इंच इकडचा तिकडे होणार नाही."

"कसली वाटणी?" थोरला मुलगा म्हणाला. रामभाऊंनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांनी सोनालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "आता आलाच हाय तर मोजा की. आम्हालाबी कळू द्या बरोबर हाय का नाय."

आप्पांनी टेप काढला. शून्याचं टोक माझ्या हातात दिलं. मोजणीत आम्ही आकडे मोठ्याने म्हणतो, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं आणि मागाहून भांडण नको. तसेच त्यांनी म्हटले.

"दरवाजा. उंची, सहा फूट आठ." ते थांबले. "एवढा उंच? एवढं उंच कोण आहे या घरात?"

सोनालीने ओवीला जवळ ओढलं.

"रुंदी, अडीच." त्यांनी दार ओढलं. ते बाहेर उघडलं. आप्पा आत बघत उभे राहिले. मला वाटलं आता थांबतील, पण हाताला सवय असते. ते आत गेले, मी मागोमाग. "चौथरा धरून बसायची उंची... वीस इंच." आवाज खाली आला होता. "मध्यापासून डावी भिंत, दीड. उजवी, दीड." त्यांनी भिंतीतला दांडा धरून हलवून पाहिला. तो हलला नाही. मग ते दारापाशी गेले. मी कमोडच्या पुढच्या कडेला शून्य धरून बसले. त्यांनी टेप ताणला, आकडा बघितला, आणि या वेळी मोठ्याने म्हटलाच नाही.

"आप्पा, आकडा," मी म्हटलं.

"दोन फूट दहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी अडीच म्हणायचो, मॅडम."

"हो, आप्पा."

त्यांना कळलं. सगळं, एकदम. बाहेरून रामभाऊ संकोचून म्हणाले, "चार बोटं आमची. काठापदराला आम्ही नेहमी चार बोटं जास्तच धरतो. कमी पडायला नको."

आप्पा बाहेर आले. त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. मोकळ्या जागेकडे बघून ते म्हणाले, "इथला माग?"

"दुकानामागं लावलाय."

"तुमचा स्वतःचा ना तो?"

"मागाचं काय, त्याला कुठंबी जागा हाय. व्याह्यांना हितंच पायजे." एवढं बोलून रामभाऊ उगाच छताकडे बघायला लागले.

सोनाली दाराला टेकून उभी होती. वडील रागावतील, की न बोलता निघून जातील, हे तिला कळत नव्हतं. तिने ओवीला समोर धरून ठेवलं होतं. मीही मागेच थांबले, कारण शब्द मी मोडला होता. आप्पा तिच्याकडे गेले. एरवी आमच्यासमोर अहिराणी कधी न बोलणारे ते, त्या दिवशी घरच्या बोलीत म्हणाले, "सोना, माले पानी दे."

ती हलेचना. मग आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली, तो अर्धा वाटेतच सांडला होता. आप्पांनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. त्यांनी तो पुन्हा तिच्यापुढे धरला. तिने भरला. तोही त्यांनी संपवला. ओवी तोंड उघडं टाकून बघत होती. सोनालीने तिसऱ्यांदा भरून आणला, आणि या वेळी ती रडत नव्हती.

"मॅडम," आप्पा तांब्या हातात घेऊन मला म्हणाले, "तुम्ही चारच्या एसटीने निघा. मी आज इथे राहतो."